गच्ची भरली आहे, काका

काका, घर तुम्ही बांधलंत आणि राहिलो आम्ही. हे वाक्य मी तुम्हाला किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे. दर वेळी तुम्ही चहाचा कप खाली ठेवायचात, चष्मा कपाळावर सारायचात आणि म्हणायचात, "मग आभार मानायचे की तक्रार करायची, ते एकदा ठरव." मी तक्रारच करत राहिले. आता तुमचा तेरावाही होऊन गेला.

तेराव्याला तुमचे विद्यार्थी कुठकुठून आले होते. कुणी तुम्ही बांधलेल्या बँकेबद्दल बोललं, कुणी कॉलेजच्या जिन्याबद्दल. आमच्या घराचं नाव कुणी काढलं नाही आणि मी मनातल्या मनात हुश्श केलं. एखादा उठून म्हणाला असता, चला, सरांचं ते डोंगरावरचं पहिलं घर बघून येऊ, तर त्याला काय दिसलं असतं? निळे पत्रे. तुमच्या सपाट, लांब गच्चीवर, जिच्या कठड्याची उंची तुम्ही इंचाइंचाने भांडून ठरवली होतीत, तिच्यावर उतरते निळे पत्रे. पाच वर्षं झाली त्यांना. तुम्हाला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. नुसतं सांगितलं नाही असंही नाही, दर मे महिन्यात फोनवर तुमच्याशी धडधडीत खोटं बोलले. त्याचंच बोलायला बसले आहे. चार दिवस कधी गुडघ्यांवर रांगले, कधी जमिनीवर पडून राहिले आहे, अंग ठणकतंय, तेव्हा इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

सुहासशी लग्न होऊन इथं आले तेव्हा नव्वद-एक्क्याण्णवचा सुमार होता. त्र्यंबक रस्त्याने यायचं, अंजनेरीच्या अलीकडे आत वळायचं आणि टेकडीच्या अंगावर जीप चढवायची. पाठराखीण म्हणून माझी मावशी आली होती. तिने खाली उतरून घराकडे पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "अगं शैला, यांचं छप्पर घालायचं राहिलंय. काम अर्धवट सोडलं की काय?" मला हसूही येईना आणि रडूही. खालच्या पाड्यावरचे लोक घराला बोडका बंगला म्हणतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

काळ्या दगडाची एक लांब भिंत. ती अंगणात सुरू होते आणि काच ओलांडून सरळ हॉलमध्ये शिरते, तिला कुणी अडवलंच नाही असं वाटतं. वर एक सपाट स्लॅब, उताराच्या बाजूला सहा फूट पुढे आलेला. पश्चिमेची अख्खी भिंत काचेची आणि समोर डोंगर. स्वयंपाकघराला दार नाही. का नाही, तर म्हणे घर मोकळं वाटलं पाहिजे. माझ्या सासूबाईंनी, माईंनी, त्या मोकळेपणाला पंचवीस वर्षं पडदा लावून फोडण्या दिल्या. साठच्या दशकात तुम्ही आणि माझे सासरे, दोघे शाळेपासूनचे मित्र, दोघेही तिशीच्या आतबाहेर. नाना पाटबंधारे खात्यात, तुम्ही मुंबईहून शिकून आलेले, काखेत परदेशी मासिकं. नाना म्हणाले, मला डोंगरावर घर बांधून दे. तुम्ही दिलंत. नाना मला फोटोतच भेटले, त्यामुळे भांडायला तुम्हीच उरलात.

आणि स्वतः कुठे राहात होतात? कॉलेज रोडला, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये! खिडकीला ग्रिल, ग्रिलवर काकूंच्या कुंड्या, कुंड्यांच्या मागे समोरच्या बिल्डिंगची वाळत घातलेली धुणी. मी टोमणा मारला की म्हणायचात, "मी डॉक्टर आहे, मला स्वतःचं औषध लागत नाही."

डोंगर पश्चिमेला, म्हणून काच पश्चिमेला. इथवर तुमचं सगळं बरोबर होतं. पण इथला पाऊस पश्चिमेकडूनच येतो आणि आडवा येतो, हे या टेकडीवरच्या शेरडांनाही ठाऊक आहे. बांधकामाच्या वेळी घमेली वाहणाऱ्या सोमाने, आमच्या सोमादादाने, तुम्हाला सांगितलं होतं. "साहेब, पाऊस याच अंगानं येतो." तुम्ही म्हणालात, "येऊ दे. काच आहे ती, कागद नाही." सोमादादा ही गोष्ट मला चाळीस वर्षांनंतरही नक्कल करून दाखवतो. आणि शेवटी हमखास म्हणतो, "ज्याला पागोळी नाय ते घर कसलं, बाई?" त्याच्या स्वतःच्या घराचं छप्पर इतकं खाली उतरलेलं की आत शिरताना मान तुकवावी लागते. पाऊस कौलांवरून दारापुढे गळत राहतो, आत माणसं कोरडी.

म्हणून मग दर वर्षी मृगाच्या आधी सोमादादा डोंगरातून कारवीच्या काठ्या तोडून आणायचा, त्यांचा ताटवा विणायचा, त्यात पळसाची पानं खोचायचा आणि तुमच्या काचेच्या भिंतीपुढे बांधून टाकायचा. दसऱ्यापर्यंत घरात अर्धा काळोख. पण कोरडा काळोख. तुम्ही पावसाळ्यात इकडे फिरकत नव्हतात, म्हणून निभावलं.

तो एक आषाढ सोडून. न कळवता आलात, बरोबर दोन विद्यार्थी, त्यांना घर दाखवायचं होतं. जीपमधून उतरलात आणि कारवी पाहून तुमचा चेहरा असा झाला की मी पदर खोचूनच बाहेर आले. "हे काय आहे? गोठा आहे का हा?" सोमादादाच्या हातातला कोयता घेतलात आणि एकेक करून सगळ्या दोऱ्या कापल्यात. सोमादादा हात मागे बांधून बघत उभा. ताटवा कोसळला, डोंगर दिसला आणि खरं सांगते काका, क्षणभर मलाही बरं वाटलं. विद्यार्थी तर "वा सर, वा सर" करत होते. मग अर्ध्या तासात झड आली.

पाणी काचेच्या माथ्यावरून आलं, कडांतून आलं, खालून तर असं आलं की बोलवून घेतल्यासारखं. ती दोन शहरातली पोरं गुडघ्यांवर बसून गोणपाटाने फरशी पुसतायत, माई जुनी लुगडी काढून देतायत आणि तुम्ही, एवढे मोठे आर्किटेक्ट, बादलीशी बसून फडकी पिळताय. चष्म्यावर वाफ. त्याही अवस्थेत तुम्ही काय म्हणालात? "खिडकी बरोबर आहे. पाऊस चुकतोय." मी ओरडले, "मग त्याला जाऊन नकाशा दाखवा!" आधी माई हसल्या, मग पोरं, मग तुम्हीसुद्धा. पिठलं-भाकरी खाऊन दुपारी सोमादादा ताटवा पुन्हा बांधायला लागला तेव्हा दोरीचं दुसरं टोक तुम्ही धरलं होतंत. भिजत होतात. मी स्वयंपाकघराचा पडदा बाजूला करून पाहिलं. त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही.

तुमचा खरा महिना मे. दर मे महिन्यात तुम्ही तीन-चार दिवस मुक्कामाला यायचात. एका पिशवीत पंचवटीच्या बाजारातून आणलेली भाजी, कारण या दिवसांत इथं कांदे-बटाट्यांपलीकडे काही मिळत नाही, आणि दुसऱ्या पिशवीत खडू, टेप आणि ती तुमची काळ्या पुठ्ठ्याची वही. आल्या आल्या गच्चीवर. पन्हाळीच्या तोंडात फडकं कोंबायचं, मातीचे छोटे बांध घालून गच्चीची आळी करायची आणि विहिरीवरचा पंप लावून चार बोटं पाणी भरायचं. ते तीन दिवस तसंच ठेवायचं. आणि खाली हॉलमध्ये सतरंजी टाकून तुम्ही उताणे पडून छताकडे बघत राहायचात. जेवायला हाक मारली तर "थांब, तिथं काहीतरी दिसतंय" म्हणायचात. ओलीचा ठिपका दिसला की स्टुलावर चढून त्याच्याभोवती खडूने गोल काढायचात. बहुतेक वर्षी एकही गोल निघत नसे. मग तुमची ऐट बघावी!

पाड्यावर मात्र बोंब. मे महिन्यात बायका मैलभर लांबून पाणी आणतात आणि इथे छताला पाणी पाजतात! पहिल्या वर्षी सोमादादाच्या बायकोने मला तोंडावर विचारलं होतं, "घराला ताप आलाय का, बाई?" मी शरमून तुम्हाला सांगितलं. चौथ्या दिवशी तुम्ही तिलाच बोलावलंत आणि म्हणालात, सगळ्यांना सांग, हंडे घेऊन या. पन्हाळीतलं फडकं काढलंत आणि खाली बायकांची रांग. ते पाणी प्यायचं नव्हतंच, पण गुरांना, धुण्याला, चार रोपांना झालं. तेव्हापासून तो दिवसच ठरून गेला. गच्ची सोडायचा दिवस. बायका आदल्या दिवशीच विचारून जायच्या. कुणी तुमच्यासाठी करवंदं घेऊन यायची.

आता आपलं भांडण. वायव्येचा कोपरा. मे महिन्यात तो कोरडा ठणठणीत आणि आषाढ-श्रावणात टपटप. तुम्ही म्हणायचात, स्लॅब गळत नाही, तीन दिवस पाणी उभं करून दाखवलंय. मी म्हणायचे, "काका, तुमचं पाणी उभं असतं. पावसाचं पळत येतं." तुम्हाला ते पटत नव्हतं, किंवा पटत असेल पण तसं म्हटलं तर सोमाची पागोळी खरी ठरत होती. एकदा कंटाळून मी म्हटलं, पत्रेच टाकते. तुम्ही हातातला घास खाली ठेवलात. "शैला, माझ्या हयातीत टाकू नकोस. शब्द दे." भरल्या ताटावर शब्द मागणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? दिला.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही, ती आधी सांगते, म्हणजे पुढचं सांगायला बळ येईल. गौरीच्या पाठीवर मला पुन्हा दिवस गेले होते आणि सातव्या महिन्यात सगळं संपलं. मूल हाती लागलं नाही. त्यानंतर दोन महिने मी मागच्या खोलीत पडून होते. सुहास पहाटे नाशिक रोडला कामावर जायचा, गौरी शाळेत, माई देवापुढे. मी कुणाशी बोलत नव्हते. उठून बसण्याचाही कंटाळा. पण त्या खोलीची खिडकी तुम्ही जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर सुरू केली आहे. मी सून म्हणून आले तेव्हा तिला हसले होते. पडल्या पडल्या, मान न उचलता, मला अख्खा डोंगर दिसत होता. पहाटे तो काळा असायचा, दुपारी तपकिरी, संध्याकाळी कडा तेवढी उजेडात राहायची. दोन महिने मी दुसरं काही केलं नाही. डोंगर बघत बघत एक दिवस उठून चहा केला. माई मग म्हणाल्या, ही खिडकी वसंताने, म्हणजे तुम्ही, नानांच्या आईच्या बाजेची उंची मोजून काढली. म्हातारी अंथरुणाला खिळली होती, तिला डोंगर दिसावा म्हणून. त्या म्हातारीला मी पाहिलंही नाही काका, पण तिच्या मापाच्या खिडकीने मला वाचवलं. पुढच्या मे महिन्यात तुम्ही आलात तेव्हा हे बोलायचं म्हणून मी शब्द जुळवून ठेवले होते. आणि बोलले काय, तर वायव्येचा कोपरा.

नंतर तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावा पाय गेला. तीन मजले उतरणंच बंद, टेकडी चढणं कुठलं! त्याच वर्षी इथे वीस-बावीस दिवस सूर्य दिसला नाही. कोपऱ्यातली ओल माईंच्या पलंगापर्यंत आली, त्यांचा दमा उफाळला, छातीतून शिट्ट्या वाजायच्या. एका दुपारी गिलाव्याचा एवढा मोठा पोपडा त्यांच्या उशीवर पडला. दोन बोटांनी डोकं वाचलं. सुहासने माझ्याकडे नुसतं बघितलं. शब्द मी दिला होता ना!

पाऊस सरल्यावर पत्रे आले. बसवणारा म्हणाला, इथं वारा जबर आहे, लोखंडी पाय स्लॅबमध्येच बोल्टने आवळावे लागतील. बारा पाय. सोमादादा म्हणाला, "टोपी घालायची तर डोक्याला भोकं पाडतात व्हय?" मी त्याला गप्प केलं. ड्रिल चालू होतं तेव्हा मी कानात बोटं घालून विहिरीवर जाऊन बसले. पण पत्र्यांनी कोपरा सुकला. हेही तुम्हाला खरं सांगायला हवं. माई आज सत्तरी पार करून अजून माझ्या आमटीला नावं ठेवतायत, त्या पत्र्यांमुळे.

पुढच्या मे महिन्यात तुमचा फोन आला. जीभ जड झालेली, शब्द घसरत येत होते. मी ठरवलं होतं, आज सांगून टाकायचं. तुम्ही विचारलंत, "शैला, पाणी भरलं का?" आणि माझ्या तोंडून गेलं, "भरलं, काका."

"किती दिवस?"

"तिसरा आहे आजचा."

"ओल?"

नाही म्हणाले असते तर बोलणं तिथंच संपलं असतं. पण तुमच्या त्या एका शब्दात इतकी आस होती की मी म्हटलं, "आहे. वायव्येला, एवढीशी." आणि काका, तुमचा आवाज बदलला. कुठे, भिंतीपासून किती, गोल आहे की लांबट, दाबल्यावर पाणी लागतं का! पाऊण तास बोललात. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. "तुझ्याशी बोलल्यावर दोन पोळ्या जास्त खाल्ल्या हो यांनी. आठवडाभर कागद-पेन्सिल घेऊन बसलेत." मग काय सांगणार? दुसऱ्या वर्षी मी पुन्हा ओल सांगितली. तिसऱ्या वर्षी तुम्हाला तेच तेच नको म्हणून ती ओल जरा सरकवली. चौथ्या वर्षी तर हॉलच्या मधोमध आणून ठेवली. फोन ठेवून मी आणि सुहास हसलोसुद्धा. मला वाटलं, मी तुम्हाला खेळायला काहीतरी देतेय. आजारी माणसाला आपण पत्ते नेऊन देतो तसं.

गेल्या वर्षीचा फोन आठवतो. तुम्ही ऐकून घेतलंत, नेहमीसारखे प्रश्न विचारले नाहीत. फक्त म्हणालात, "बरं." मला वाटलं, थकलात.

तेराव्याचं जेवण उरकलं आणि काकूंनी मला आतल्या खोलीत नेलं. कपाटातून ती काळ्या पुठ्ठ्याची वही काढली. "तुझ्या घराची वही आहे. तुलाच द्यायची म्हणाले होते." मी नाशिकहून परतीच्या एसटीत खिडकीशी बसून ती उघडली. दर मे महिन्याला एक पान, गच्चीचा नकाशा, पट्टी न लावता काढलेल्या तुमच्या त्या सरळ रेषा. पाणी चार बोटं, तीन दिवस, ओल नाही. वर्षामागून वर्ष, ओल नाही. मध्येच एका पानावर कारवीचा ताटवा काढलेला, मापांसकट, दोरीच्या गाठीसुद्धा. खाली लिहिलंय, सोमाचा आडोसा, उंची सात फूट, उत्तम बांधतो. हे मी काल सोमादादाला वाचून दाखवलं. त्याने चित्रातल्या गाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "गाठ बराबर काढली हाय. पण आता सांगतो का, साहेब?" आणि डोळे पुसत उठून गेला.

मग शेवटची पाच पानं. तिथून तुमच्या रेषा वाकड्या झाल्या आहेत. आणि त्या पाचही पानांवर माझे खोटे डाग. मी फोनवर बोलता बोलता, गॅसवरची भाजी हलवता हलवता सांगितलेले. तुम्ही एकेकाभोवती जपून गोल काढला आहे. सळया कुठून गेल्या असतील, कोबा कुठे फुटला असेल, पानंच्या पानं. हॉलच्या मधल्या डागाखाली लिहिलंय, इथे खाली तुळई आहे, ओल येणं अशक्य. त्याच्याखाली वर्षभराने, वेगळ्या शाईत: ओल सरकते आहे, कारण सापडत नाही. आणि गेल्या वर्षीच्या पानावर, सगळ्यात वाकड्या अक्षरात: पायापासून माझंच काहीतरी चुकलं असणार. शैला खोटं बोलत नाही.

एसटी आमच्या फाट्यावर थांबली ते मला कळलंच नाही. पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आले. उन्हात, त्या वहीला पदराखाली धरून. शेवटची पाच वर्षं तुम्ही या घरातली चूक शोधत बसलात. आयुष्यभर पावसाला चूक ठरवणारा माणूस माझ्या शब्दावर स्वतःला चूक ठरवून गेला. मला माझी लाज वाटली काका, आणि तुमचा रागही आला. एकदा तरी म्हणायचं होतंत, शैला, तू थापा मारतेस! एरवी माझं एक वाक्य धड ऐकून घेतलं नाहीत, आणि नेमकं हेच खरं मानलंत.

घरी आल्यावर मी सोमादादाला हाक मारली. म्हटलं, गच्ची भरायची. तो पत्र्याकडे बघून म्हणाला, "आता कशाला?" मी म्हटलं, भरायची. पत्र्याच्या खाली एका बाजूला जेमतेम तीन फूट जागा आहे, तिथं वाकूनही जाता येत नाही, रांगावं लागतं. आत भट्टी. पाच वर्षांचा पाचोळा, माकडांची घाण, कबुतरांची घरटी. दोघांनी मिळून झाडून काढलं, बांध घातले, पन्हाळीत फडकं कोंबलं आणि पंप लावला. सुहास खालून ओरडला, "अगं वेडी झालीस का, टोपीखाली डोकं धुतेस?" मी बोटांनी पाणी मोजत होते. तो थोड्या वेळाने बादली घेऊन वर आला.

तीन दिवस मी हॉलमध्ये सतरंजीवर उताणी पडून होते. मेची सुट्टीच आहे, शाळेत शिकवायला जायचं नाही. माई पलंगावरून म्हणाल्या, "वसंताचा वारा लागला हिला." मला पहिल्यांदा कळलं, तुम्ही जेवायला का उठत नव्हतात. छताकडे असं बघत राहिलं की ते नुसतं छत राहात नाही. त्यावर लाकडी फळ्यांचे ठसे आहेत, ज्या फळ्यांवर तुम्ही काँक्रीट ओतलंत. एका ठशात लाकडाची गाठसुद्धा उमटली आहे. सोळा वर्षं मी या घरात राहतेय आणि ती गाठ मी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला ठिपका आला. मग दुसरा. आज सकाळपर्यंत बारा झाले. स्टुलावर चढून मी प्रत्येकाभोवती खडूने गोल काढला. वर कुठे काय आहे ते मला पाठ होतं, तरी सोमादादाला वर पाठवून दांड्याने ठोकायला लावलं. बाराच्या बारा, एकेका बोल्टच्या खाली. वायव्येचा कोपरा कोरडा. हॉलचा मध्य कोरडा. जिथे जिथे मी फोनवर ओल ठेवली होती ती जागा कोरडी खडखडीत.

पत्रे मी काढणार नाही, काका. हे तोंडावर सांगते, आता तरी. माईंना दमा आहे, आणि राहायचं आम्हाला आहे. बोल्टभोवतीची भोकं बुजवून घेईन, कशी बुजवायची ते तुमच्याच वहीत आहे.

मग ती वही घेऊन पायरीवर बसले. तुमचं शेवटचं पान काढलं. शैला खोटं बोलत नाही, या वाक्यावर काट मारावीशी वाटली, पण तुमच्या अक्षरावर हात चालेना. त्याच्याच खाली लिहिलं: मे. पाणी चार बोटं. तीन दिवस. ओल बारा ठिकाणी, बाराही बोल्ट माझे. मागच्या पाच पानांवरची ओल खोटी. छत बरोबर आहे. खाली सही केली.

तोवर बायका जमल्या होत्या. कुणी सांगितलं देव जाणे, पाच वर्षांनी, पण हंडे, कळश्या, प्लॅस्टिकचे ड्रमसुद्धा घेऊन. मी रांगत जाऊन पन्हाळीतलं फडकं ओढलं. पाणी अडलं, घुटमळलं आणि मग धारेने खाली गेलं. खाली गलका झाला. सोमादादाच्या बायकोने हंडा पन्हाळीखाली सरकवला आणि वर बघून विचारलं, "बाई, पुढल्या साली बी सोडणार ना गच्ची?"

हो म्हणाले. हे खरं बोलले, काका.